पाटीवरचं आणि वहीतलं

दिवाळीत नातू आला होता. तो संगणकातलंच काहीतरी काम करतो. नक्की काय ते त्याने मला तीनदा समजावलंय, आणि तिन्ही वेळा मी "हो का, वा!" म्हटलंय. तर आल्या आल्या त्याने माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला. घरातले सगळे फोटो, लग्नांच्या सीड्या, जुन्या पत्रांचे स्कॅन असं सगळं एका जागी नीट ठेवायचं, ही त्याची टूम. येताना दोन मोठ्या हार्ड डिस्क आणि एक छोटीशी एसएसडी घेऊन आला होता.

"आजी, या दोन डिस्क मोठ्या आहेत पण संथ. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तीच प्रत होणार, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी आहे. आणि ही छोटी एसएसडी आहे चपळ. हिला मी पुढे उभी करणार. लिहायचं ते आधी हिच्यावर, मग हळूहळू मागच्या डिस्कवर."

याला 'राइट कॅश' म्हणतात. लिनक्समध्ये यासाठी 'बीकॅश' नावाची सोय २०१३ पासून आहे, ती तो वापरणार होता. सगळं जोडून झालं आणि त्याने मान वर करून विचारलं, "राइट-थ्रू ठेवू की राइट-बॅक?"

"म्हणजे काय रे?"

"राइट-थ्रू म्हणजे मागच्या डिस्कवर लिहून झाल्यावरच 'झालं' म्हणायचं. राइट-बॅक म्हणजे पुढच्या एसएसडीवर लिहिलं की लगेच 'झालं' म्हणायचं, मागचं सवडीने. राइट-बॅक खूप वेगवान असतं गं."

मी म्हणाले, "थांब. लगेच काही ठरवू नकोस." तो हसला. आजीला यातलं काय कळणार असं त्याला वाटलं असेल. पण मंडळी, हा प्रश्न मला चांगलाच ओळखीचा होता. एकदा वडिलांच्या दुकानात भेटला होता आणि एकदा २००९ साली, तेव्हा तर मी फार मोठी किंमत मोजली.

आधी दुकानाचं सांगते. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वडिलांचं किराणा दुकान. गल्ल्याशेजारी एक दगडी पाटी असायची. गर्दीच्या वेळी उधारी त्या पाटीवर मांडायची. गिऱ्हाइकाला "मांडलं हो" म्हणायचं आणि पुढच्याला घ्यायचं. रात्री दुकान बंद झालं की पाटीवरून कीर्दीत आणि कीर्दीवरून खतावणीत. प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून खतावणीत त्याचं पान शोधत बसलं असतं तर रांग पार वेशीपर्यंत गेली असती. पाटीमुळे दुकान चालायचं. पण एका पावसाळ्यात छप्पर गळलं आणि बाजारच्या दिवसाची अख्खी पाटी धुऊन निघाली. वडील कपाळाला हात लावून बसले होते, ते मला अजून दिसतं. "मांडलं" म्हणून सांगितलेलं कुठेच मांडलेलं नव्हतं.

राइट कॅशचं सगळं शास्त्र या पाटीत आहे. आणि तिचा इतिहास म्हणजे पाटी कोरडी कशी ठेवायची आणि "मांडलं" कधी म्हणायचं, या दोन प्रश्नांचा इतिहास. मी इतिहास शिकवत असे, त्यामुळे २००९ नंतर जिथून मिळेल तिथून वाचत गेले. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण निवृत्त माणसाकडे वेळच असतो.

मुळात पाटी लागते कशाला? १९५६ साली आयबीएमने पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, कपाटाएवढं धूड, आणि त्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं. हवी ती जागा गाठायला सरासरी सेकंदाच्या सहा दशांश इतका वेळ लागे. पुढे डिस्क लहान झाल्या, वेगवान झाल्या, पण फिरणारी तबकडी ती फिरणारी तबकडीच. घरातली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. वाचणारा-लिहिणारा दांडा सरकवून, हवी ती जागा फिरून खाली येईपर्यंत दहा-बारा मिलिसेकंद जातात. आपल्याला हे काहीच वाटत नाही. पण संगणकाच्या आतल्या स्मृतीला हेच काम सेकंदाच्या सुमारे एक कोट्यंशात जमतं. फरक लाखपटीचा! स्मृतीला एक सेकंद लागतो असं धरलं, तर डिस्कला जवळजवळ अठ्ठावीस तास लागतात. इतका वेळ गिऱ्हाईक कोण थांबवून ठेवील?

म्हणून मधे एक लहान, चपळ जागा ठेवायची. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली अशा मदतनीस स्मृतीवर एक अगदी छोटा लेख लिहिला. त्यांनी तिला 'स्लेव्ह मेमरी' म्हटलं होतं. 'कॅश' हा शब्द रुळला तो १९६८ मध्ये, आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या यंत्रापासून. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवणं. आणि गंमत बघा, त्या पहिल्या कॅशमध्ये लिहिण्याची पद्धत राइट-थ्रू होती. लिहायचं ते थेट मुख्य स्मृतीपर्यंत पोचवायचं. पहिल्या पिढीने सावध वाट धरली होती.

दुसरी एक गोष्ट वाचून तर मला नवल वाटलं. त्या काळातली मुख्य स्मृती वीज गेली तरी विसरत नसे! बारीक बारीक चुंबकीय कड्या तारांत ओवून ती बनवायचे, आणि कडीचं चुंबकत्व वीज नसतानाही टिकायचं. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप आली आणि त्या कड्या मागे पडू लागल्या. ही नवी स्मृती स्वस्त, लहान, पण विसराळू. तिच्यातला विद्युतभार सारखा गळत असतो, म्हणून सेकंदात अनेकदा उजाळा द्यावा लागतो. वीज गेली की सगळं पुसलं. म्हणजे आपण गळक्या छपराखाली पाटी ठेवायला लागलो ते तेव्हापासून. वेग आणि स्वस्ताई हवी होती, त्याची ही किंमत.

त्याच दशकात बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची युनिक्स प्रणाली वाढत होती. तिने डिस्कवर लिहायचा मजकूर आधी स्मृतीत साठवायचा आणि मग सवडीने उतरवायचा हा रिवाज चांगलाच रुजवला. रात्री दुकान बंद झाल्यावर वडील बसायचे तसा एक छोटा प्रोग्राम दर तीस सेकंदांनी उठून 'आता सगळं डिस्कवर उतरवा' अशी आज्ञा द्यायचा. त्या आज्ञेचं नाव 'सिंक'. यंत्र बंद करण्यापूर्वी जुने जाणते लोक ही आज्ञा एकदा नाही, तीनदा टंकायचे. आपल्या आचमनासारखं! पण त्यात अंधश्रद्धा नव्हती. पहिल्या आज्ञेने काम सुरू व्हायचं, आणि पुढच्या दोन टंकेपर्यंत ते पुरं व्हायला तेवढाच वेळ मिळायचा.

बँकांना मात्र तीस सेकंदही परवडणारे नव्हते. पैसे हातात पडले आणि नोंद पुसली गेली तर? तिथे जिम ग्रे वगैरे मंडळींनी जो नियम पक्का केला तो आपल्या कीर्दीचाच. खतावणी सवडीने लिहा, पण आधी कीर्दीत ओळ पडलीच पाहिजे, आणि ती पक्क्या कागदावर. मग मधेच वीज गेली तरी कीर्द वाचून खतावणी पुन्हा उभी करता येते. या सगळ्या कामासाठी ग्रे यांना १९९८ चं ट्यूरिंग पारितोषिक मिळालं. आपल्याकडच्या दुकानदारांना कोणी पारितोषिक दिलं नाही, पण असो.

मोठ्या यंत्रांसाठी पाटीचं छप्परही दुरुस्त झालं. आयबीएमने १९८७ मध्ये ३९९० नावाच्या डिस्क-नियंत्रकाच्या तिसऱ्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारी वेगळी स्मृती दिली. मजकूर आला की एक प्रत साध्या कॅशमध्ये, दुसरी बॅटरीवाल्या स्मृतीत. दोन्हीकडे पोचला की 'झालं' म्हणायचं. डिस्कवर नंतर उतरवायचं. वीज गेलीच तर बॅटरी ती प्रत धरून ठेवते. हे राइट-बॅकच, पण जबाबदारीचं. "मांडलं" म्हणायला यांच्याकडे काहीतरी आधार होता.

घरगुती संगणकांना असली बॅटरी कोण देणार? मार्च १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ आलं. त्यात 'स्मार्टड्राइव्ह' नावाचा कॅश प्रोग्राम होता आणि उशिरा लिहिण्याची सोय आपसूक चालू असायची. पडद्यावर पुढच्या आज्ञेची खूण दिसली की लोकांना वाटायचं काम झालं, आणि ते बटण बंद करायचे. पाटीवरचं पाटीवरच जायचं. तक्रारी झाल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ६.२ मध्ये ही सोय मुळातच बंद ठेवून देण्यात आली. ज्याला हवी त्याने चालू करावी. शिवाय चालू केली तरी सगळं उतरवून झाल्याशिवाय ती खूण दिसणार नाही अशी व्यवस्था झाली.

पुढे विंडोज ९५ आलं. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची. आमच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्या अक्षरांची वाट बघत शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभे असायचे. "बाई, बंद करा की सरळ बटण!" मीही मनात म्हणायचे, काय हे नखरे. ते नखरे नव्हते हो. आत कोणीतरी पाटीवरून वहीत उतरवून घेत होतं.

आता २००९.

माझी मोठी आत्या तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. मी नुकतीच निवृत्त झाले होते, देवनागरी टंकायला शिकले होते. ठरवलं की हिच्या आठवणी लिहून घ्यायच्या. मे महिन्यात गावी गेले आणि सलग चार दुपारी ती बोलत होती, मी टंकत होते. ती चौथीपर्यंत शिकली, १९३१ च्या आसपास. पुढे शाळा सोडवली. तेव्हा तिचे मास्तर दोन मैल चालत आजोबांकडे आले आणि ओसरीवर बसून म्हणाले की या मुलीला शिकवा. आजोबांनी ऐकलं नाही. मास्तर काय बोलले, आजोबा काय बोलले, आत्या दाराआडून ऐकत होती ते सगळं तिने मला शब्दन् शब्द सांगितलं. मास्तरांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

चौथ्या दुपारी मी शेवटचं वाक्य टंकलं, 'सेव्ह' दाबलं, आणि म्हटलं, "आत्या, झालं बरं का. सगळं लिहून ठेवलं." तिला फार बरं वाटलं. आणि दोन-तीन सेकंदांत दिवे गेले. भारनियमनाचे दिवस होते, वेळापत्रक होतं, पण त्या दिवशी वेळेआधीच गेले.

संध्याकाळी वीज आल्यावर फाइल उघडली. नाव होतं. आकारही बरोबर दिसत होता. आत पांढरं फटक. चारही दुपारी पुसल्या गेल्या होत्या.

मला कळेना की शेवटचं वाक्य गेलं असतं तर समजू शकलं असतं, पण आधीचे तीन दिवस रोज सेव्ह केलेलं कसं गेलं? उत्तर खूप नंतर मिळालं. अशा साध्या फाइलीत नवं जतन करताना आधीचा मजकूर काढून टाकतात आणि पुन्हा सगळा नव्याने लिहितात. त्यातली फाइलीच्या नावाची, आकाराची नोंद डिस्कवर पोचली होती, आणि मजकूर अजून पाटीवर होता. जुनं गेलं, नवं पोचलं नाही, आणि मधल्या त्या दोन-तीन सेकंदांत वीज गेली.

योगायोग असा, की त्याच वर्षी जगभर याच गोष्टीवर वाद पेटला होता. लिनक्समध्ये 'एक्स्ट४' ही फाइल मांडण्याची नवी पद्धत डिसेंबर २००८ मध्ये वापरायला खुली झाली होती. ती मजकूर डिस्कवर उतरवायला आधीच्यापेक्षा बराच जास्त वेळ घ्यायची, म्हणून वेगवान होती. आणि यंत्र अचानक बंद पडल्यावर लोकांच्या फाइली रिकाम्या निघू लागल्या. ती पद्धत रचणाऱ्यांपैकी थिओडोर त्सो यांचं म्हणणं, नियमाप्रमाणे 'एफसिंक' ही आज्ञा देऊन पक्कं लिहून घेणं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम. लोकांचं म्हणणं, आम्ही सेव्ह दाबलं, आणखी काय करायचं? दोघांचंही बरोबर होतं. शेवटी त्सो यांनीच दुरुस्ती केली. फाइल बदलण्याच्या ज्या दोन नेहमीच्या रीती आहेत, त्या वेळी तरी मजकूर लगेच उतरवायचा. ही दुरुस्ती जून २००९ च्या आवृत्तीत आली. माझा संगणक लिनक्सचा नव्हता, पण दुखणं त्याच जातीचं.

बरं, एफसिंक दिलं म्हणजे तरी खात्री का? २०१८ मध्ये पोस्टग्रेस या नावाजलेल्या डेटाबेसच्या मंडळींना धक्का बसला. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती एकदा सांगायचं, आणि पुन्हा विचारलं तर "झालं" म्हणायचं. न लिहिलेलं पान लिहिलं असं धरून बसायचं! वर्षानुवर्षं हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी पद्धत बदलली. एकदा "नाही झालं" असं उत्तर आलं की पुन्हा विचारायचं नाही, काम थांबवायचं आणि कीर्दीवरून सगळं परत उभं करायचं. आणि पेन ड्राइव्ह 'सुरक्षित काढा' म्हणून आपण जी कसरत करायचो, तिच्याबाबत २०१८ च्या शेवटी विंडोज १० ने बाहेरच्या डिस्कसाठी मूळ निवडच बदलली. वेग थोडा कमी, पण चटकन काढता येईल अशी. पंचवीस वर्षांपूर्वी स्मार्टड्राइव्हच्या वेळी जे झालं, तेच पुन्हा.

हे सगळं मी नातवाला सांगितलं, आत्याचं सोडून. तो म्हणाला, "पण आजी, एसएसडी वीज गेल्यावर विसरत नाही. ही तुझी विसराळू पाटी नव्हे." मला हे पटलं. मग मी विचारलं, "ती एसएसडीच बिघडली तर?" तो जरा थांबला. राइट-बॅक ठेवलं, तर मागच्या डिस्कवर न पोचलेला मजकूर फक्त तिच्यावर असतो. मागे दोन-दोन प्रतींची व्यवस्था, आणि पुढे पाटी मात्र एकच! तीच फुटली तर मागच्या दोन्ही डिस्कवरची मांडणी अर्धवट राहणार. मग त्याने स्वतःच आणखी शोधलं. फोटोंसारखा सलग, मोठा मजकूर बीकॅश मुळात एसएसडीवर घेतच नाही, थेट मागे पाठवतं. म्हणजे आमच्या कामाला राइट-बॅकचा फारसा फायदाही नव्हता.

"राइट-थ्रू," तो म्हणाला. "हवं तर पुढे बदलता येईल, पुसावं लागत नाही काही." बीकॅशची मूळ निवडही तीच आहे म्हणे.

मी वेगाच्या विरुद्ध नाही हं. पाटी नसती तर वडिलांचं दुकान चाललं नसतं, आणि कॅश नसती तर तुम्ही हे वाचत असलेलं यंत्रही कासवासारखं चाललं असतं. जिथे गेलेलं पुन्हा आणता येतं, तिथे खुशाल पाटी वापरावी. पण जे पुन्हा मिळणार नाही त्याला वहीत गेल्याशिवाय "झालं" म्हणू नये, एवढंच.

आत्याला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "परत सांगते की." पण मंडळी, ते पहिल्यासारखं झालं नाही. चार दुपारींचं एका दुपारीत उरकलं. ओसरीवरचं ते बोलणं आलंच नाही. "एक मास्तर होते, ते सांगायला आले होते," एवढंच. मी नाव विचारलं तर म्हणाली, "अगं, तुला सांगितलं ना परवा." सांगितलं होतं. आणि मी लिहून झालंय या भरवशावर ते लक्षात ठेवलं नव्हतं. पावसाळा संपता संपता आत्या गेली.

ती दुसरी चार पानं आता नातवाच्या त्या दोन्ही डिस्कवर आहेत, आणि कागदावर छापून कपाटातही. पण एका मुलीच्या शिक्षणासाठी दोन मैल चालत आलेल्या त्या शिक्षकाचं नाव त्यात नाही. पस्तीस वर्षं मीही शिक्षिका होते, म्हणून ते जास्त लागतं.

आत्याकडे सुट्टीला जाणारी तुम्ही सगळी भाचरं, नातवंडं हे वाचता हे मला माहीत आहे. तिने तुमच्यापैकी कोणाला ती ओसरीवरची गोष्ट सांगितली असेल, आणि त्या मास्तरांचं नाव आठवत असेल, तर खाली लिहा किंवा फोन करा. अर्धवट आठवत असलं तरी चालेल. मी आधी वहीत लिहून घेईन, मग "झालं" म्हणेन.